पाणगवताला चिखल लागतो

३ फेब्रुवारी

धाकट्या,

तळ्याचं पाणी हातभर खाली आण. दोन महिन्यांसाठी. माझं एवढंच काम आहे, बाकीचं पत्र वाचलं नाहीस तरी चालेल. पण वाच.

फोन तू उचलत नाहीस. वहिनीला केला तर ती म्हणते, "हे बाथरूममध्ये आहेत." सकाळी बाथरूममध्ये, दुपारी बाथरूममध्ये, संध्याकाळीही तिथेच. इतका वेळ बाथरूममध्ये काढणाऱ्या माणसाला खरं तर डॉक्टरकडे न्यायला हवं. म्हणून पत्र लिहितेय. होडीवाला रोज तुमच्या काठाला माणसं सोडतोच, त्याच्या हाती देते. तो म्हणाला, "ताई, समोरासमोर राहता तुम्ही, हाक मारली तरी ऐकू जाईल." मी म्हटलं, हाक ऐकू जाते, पण ऐकणारा कानात बोळे घालून बसलाय.

तर कामाचं. जुन्या पंपघरामागे आपल्या पाणगवताचा शेवटचा एक गड्डा उरला होता. नगरपालिकेची माणसं आली आणि काठाची साफसफाई म्हणून तोही कापून गेली. वर मला म्हणाली, "बघा, किती मोकळं मोकळं वाटतंय." मी कपाळाला हात लावला. नशीब एवढंच की कणसं पिकली तशी मी खुडून आणली होती. ती चोळून बी काढलं आणि बादलीत टाकलं. निम्म्याहून जास्त वर तरंगलं, म्हणजे पोकळ, नुसती टरफलं. बुडालं तेवढं खरं. गारवा लागल्याशिवाय हे बी जागं होत नाही, म्हणून ओल्या वाळूत कालवून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं. भाजी ठेवायला जागा उरलेली नाही. पण तक्रार करायला घरात दुसरं माणूसही नाही, तेव्हा ते बरंच झालं.

आता त्यातलं अर्धं ट्रेमध्ये पेरलंय. उरलेलं थेट काठावर पेरायचं आहे. त्यासाठी मला काठ हवा. काठ म्हणजे पाणी नव्हे, चिखल. तू बंधाऱ्याचा दरवाजा घट्ट लावून बारा महिने तळं काठोकाठ भरून ठेवतोस, चिखल उघडा पडतच नाही. हे गवत वाढतं पाण्यात, पण रुजत नाही पाण्यात. बी उघड्या ओल्या चिखलावर पडलं पाहिजे, त्याला ऊन दिसलं पाहिजे, कोंब वीतभर झाला की मग खुशाल पाणी चढव. दोन वर्षं मी रोपं पाण्यातच लावून बघितली. पाती बुडालेली राहिली की रोपं गुदमरतात. दोन्ही वर्षं कुजून वर आली.

हे बी पुढच्या वर्षापर्यंत टिकणार नाही. आणि खुडायला आता गड्डा नाही. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

पाणी उतरव.

ताई


१६ फेब्रुवारी

धाकट्या,

होडीवाल्याला मी उलटतपासणी घेतल्यासारखं विचारलं. पत्र तुझ्या हातात दिलं का? दिलं. वाचलं का? वाचलं, उभ्या उभ्या. मग काय म्हणाला? "काही नाही, खिशात घातलं आणि ग्रीसचा डबा घेऊन वर गेले." दरवाज्याला ग्रीस लावायला तुला वेळ आहे, बहिणीला दोन ओळी लिहायला नाही. छान.

इकडची बातमी अशी की मला या आठवड्यात रडू यायचं बाकी होतं. माझ्या रोपांच्या नर्सरीत मदतीला येतात त्या बाई अतिशय जिवापाड काम करतात. मी बाजारात गेले होते. परत आले तर त्यांनी सगळ्या ट्रेवर बोटभर माती पसरून ठेवलेली. इतकी सारखी, इतकी सुबक की फोटो काढावा. "बी उघडं पडलं होतं ताई, उन्हानं मेलं असतं, म्हणून झाकलं." आता हे बी झाकलं की संपलं. त्याला उजेड लागतो. चिखलावर नुसतं तळव्यानं दाबायचं असतं, पांघरूण घालायचं नसतं. पण बाईंना काय बोलणार? जगातलं दुसरं कुठलंही बी असतं तर त्यांनी केलं तेच बरोबर होतं. मी खराट्याच्या काडीनं माती उकरत बसले. जेमतेम तिसरा हिस्सा ट्रे वाचले.

त्यातून आता हिरवे केस फुटल्यासारखे कोंब आलेत. बघायला ये म्हणत नाही. तू येणार नाहीस, आणि मी बोलावलं असं होईल.

परवा बोट क्लबचे सेक्रेटरी आले होते. पांढरे बूट घालून नर्सरीत येणारा माणूस मी प्रथमच पाहिला. म्हणाले, "तुम्ही म्हणे तळं रिकामं करायला निघालात?" मी म्हटलं, रिकामं नाही हो, हातभर. ते म्हणाले, "हातभर उतरलं तर आमच्या धक्क्याला होड्या लागणार नाहीत. आणि चिखल किती घाण दिसतो!" मी त्यांना मागे नेऊन माझं कुंपण दाखवलं. मागचे खांब तळ्यात गेलेत, तारा नुसत्या लोंबतायत. पूर्वी इथे पाणगवताची दाट रांग होती तेव्हा मुळांनी काठ बांधून ठेवला होता. बोट घालायला जागा नव्हती इतकी मुळं. आता लाट येते आणि माती खाऊन जाते. ती माती पाण्यात मिसळते, पाणी गढूळ, तळाशी ऊन पोचत नाही, खालच्या वनस्पती मेल्या. शहराचं गटाराचं पाणी ओढ्यातून येतं तेही पूर्वी गवतातून गाळून यायचं, आता थेट. म्हणून तो हिरवा तवंग, म्हणून तो वास. गवताच्या बुडाशी माशांची पिल्लं लपायची, पाणकोंबड्या घरटी करायच्या. आता पिल्लांना लपायला कुठेच जागा नाही. होडीवाला सांगतो की जाळ्यात नुसते मोठे मासे येतात, तेही दरवर्षी कमी. लहान मासाच नाही तर उद्याचा मोठा कुठून येणार?

सेक्रेटरींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुम्ही काठाला सिमेंटची भिंत का बांधत नाही?"

अशा माणसांशी बोलून माझ्या नाकी नऊ आलेत. तुला निदान कळतं तरी. कळूनही तू करत नाहीस, हे जास्त वाईट.

ताई


२ मार्च

धाकट्या,

अक्षर वाईट आहे कारण पेन वाईट आहे.

तू काही करत नाहीस म्हटल्यावर मीच केलं. काठालगत वाफ्याएवढी जागा घेतली, भोवतीनं मातीच्या पोत्यांचा बांध घातला आणि आतलं पाणी बादलीनं उपसलं. सकाळभर उपसलं. दुपारी चिखल दिसायला लागला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. जेवून परत आले तर वाफा पुन्हा भरलेला. पोत्यांच्या खालून पाणी आत झिरपतं. पुन्हा उपसलं. दुसऱ्या दिवशी बांध उंच केला तर एका बाजूनं बसला. मदतीच्या बाई काठावर उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, तळ्याशी कशाला भांडता? ज्यानं भरलंय त्याच्याशी भांडा." हे ज्ञान मला होतंच.

तुझ्या दरवाज्यामागे उभं असलेलं पाणी एका बाजूला आणि माझी बादली दुसऱ्या बाजूला. कोण जिंकणार हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

मला एकच समजत नाही. तू बाबांच्याच जागेवर नोकरीला लागलास. तोच दरवाजा, तेच क्वार्टर, दरवाजा उचलायची तीच चक्री. बाबा होते तेव्हा दर उन्हाळ्यात पाणी उतरायचं. काठाला असा रुंद पट्टा उघडा पडायचा, भेगा पडायच्या आत त्यावर हिरवळ यायची, आणि पाऊसपाणी सुरू होऊन तळं चढेपर्यंत गवत कमरेला लागायचं. बाबांना कुणी शास्त्र शिकवलं नव्हतं, पण त्यांना तळ्याची नाडी कळत होती. ते पाणी उतरवायचे. तू उतरवत नाहीस. तळं भरलेलं ठेवतोस म्हणून तुला खात्यानं शाल दिली, नारळ दिला, फोटो छापला. बाबांना काही दिलं नाही. पण तळं कुणी राखलं ते मला विचार.

हो, मी तुझ्या सत्काराच्या सभेत उठून बोलले. "या दरवाज्यानं तळं मारलं" असं म्हणाले, तुझ्या मोठ्या साहेबांसमोर म्हणाले, आणि आजही म्हणेन. खोटं काय होतं त्यात? तुला राग आला तो खरं बोलल्याचा. भाऊबंदकी जमिनीवरून होते, दागिन्यांवरून होते. आपली पाण्यावरून झाली, एवढाच काय तो फरक.

ट्रेमधली रोपं बोटभर झालीत. मुळं खालच्या भोकांतून बाहेर लोंबतायत. त्यांना आता जागा हवी.

ताई


९ मार्च

होडीवाल्याच्या तोंडाला कुलूप नाही हे मला माहीत होतं, पण इतकं? "ताईंचा हात प्लास्टरमध्ये आहे" हे तुला सांगायची त्याला काही गरज नव्हती. आणि प्लास्टर नाही, नुसती पट्टी आहे. बांधावरून पाय घसरला, मनगटावर पडले. डॉक्टर म्हणाले, मुरगळलंय. उगाच तुझ्या मनात भलतंसलतं नको. लेप पाठवलास तो वहिनीनं पाठवला असं मी धरून चालते. डब्यावर ग्रीसचा डाग होता, तरीही वहिनीनंच.

लेप नको. पाणी उतरव.

रोपांची टोकं पिवळी पडू लागलीत.

ताई


१५ मार्च

धाकट्या,

काल तू आलास, दारात उभा राहून बोललास आणि चालता झालास. चप्पलही काढली नाहीस. माझं उत्तर तोंडातच राहिलं. म्हणून जे ऐकलं ते इथे परत लिहिते, म्हणजे मला नीट ऐकू आलं हे तुला कळेल.

तू म्हणालास, "ताई, बाबा पाणी उतरवायचे नाहीत. पाणी गळायचं."

मी म्हटलं, म्हणजे?

"दरवाजा गळका होता. खालची कड कुजलेली, बाजूचं लोखंड वाकलेलं. बाबा दर वर्षी चिंध्या कोंबायचे, काथ्या कोंबायचे, डांबर ओतायचे. उन्हाळ्यात वरून आवक थांबली की गळतीनं तळं उतरायचं. साहेब यायचे आणि सगळ्या स्टाफसमोर त्यांना झापायचे. एवढं साधं पाणी अडवता येत नाही का म्हणून. बाबा मान खाली घालून उभे राहायचे. बढतीही त्यातच गेली. तू तेव्हा सासरी होतीस. तुला काठावरचं गवत दिसायचं, मला बाबा दिसायचे."

मला वाटलं पाणी मागशील. नाही मागितलंस.

"मी नोकरीला लागलो ते एकाच कामासाठी. नवं रबरी सील बसवलं, कड बदलली, स्वतःच्या हातानं घासून बसवली. खात्याच्या मिस्त्रीला हात लावू दिला नाही. बाबांचं दुखणं वाढलं होतं, त्यांना खुर्चीत बसवून खाली नेलं. दरवाज्याच्या कोरड्या बाजूला त्यांनी हात फिरवला. हाताकडे बघितलं. 'कोरडा आहे रे,' म्हणाले. एवढंच म्हणाले. आणि तू त्या सभेत उठून काय बोललीस?"

मी काय बोलले ते तू परत म्हटलं नाहीस. तेवढी दया केलीस, की तेवढंही तुझ्याच्यानं बोलवेना, कोण जाणे.

तू गेल्यावर मी ट्रेंसमोर स्टुलावर बसून राहिले. मला रागच आला. आधी तुझा, की हे इतकी वर्षं सांगितलं का नाहीस. मग बाबांचा. दर उन्हाळ्यात मी माहेरी यायचे, त्यांच्यासोबत काठानं फिरायचे, म्हणायचे, बाबा, काय सुंदर पाणी उतरवलंत! ते हसायचे. मला वाटायचं कौतुकानं हसतायत. त्या माणसाला मी दर वर्षी त्याच्या जखमेवर बोट ठेवून शाबासकी देत होते, आणि ते ऐकून घेत होते.

आणि सगळ्यात जास्त राग कशाचा येतोय सांगू? तू चुकलेला नाहीस. मीही चुकलेली नाही. गळक्या दरवाज्यानं बाबांना खाल्लं हे खरं. त्याच गळतीवर हे तळं जगलं हेही खरं. कुणाशी भांडायचं ते तरी सांग. इतके दिवस समोर तू होतास, भांडायला बरं होतं.

मला वाईट वाटलं, धाकट्या. फार वाटलं. पण पाणगवताला वाईट वाटत नाही, त्याला चिखल लागतो. आणि तो मी तुझ्याकडे आता मागणार नाही. तुझा दरवाजा उघड असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. शिवाय जाता जाता तू म्हणालास तेही खरंच असेल की खात्याच्या हुकमाशिवाय तुला चक्रीला हात लावता येत नाही, आणि बोट क्लब असेपर्यंत गवतासाठी कुणी हुकूम काढणार नाही.

रोपं अर्धी पिवळी झालीत. बघू. मोठ्या टबात लावून काही जगली तर जगली. टबातलं गवत काठ धरून ठेवत नाही आणि टबात पाणकोंबडी येत नाही, पण निदान बी धरेल. धरेलच असंही नाही.

पुन्हा येशील तेव्हा चप्पल काढून आत ये. उंबरठ्यावरून बोललेलं मला नीट सहन होत नाही.

ताई


४ एप्रिल

धाकट्या,

तू काय केलंस हे?

सोमवारी होडीवाला धावत आला. धक्क्यावर खात्याची नोटीस लागली होती. मी चष्मा विसरले, त्यानंच वाचून दाखवली. "मुख्य दरवाज्याच्या सीलमधून गळती होत असल्याचे तेथील कर्मचाऱ्याने कळविल्यावरून, तपासणी व दुरुस्तीसाठी तळ्याची पातळी टप्प्याटप्प्याने उतरविण्यात येत आहे. काम पूर्ण होईपर्यंत नौकाविहार बंद."

तेथील कर्मचारी म्हणजे तू.

माझा विश्वास बसेना. तशीच निघाले, पलीकडच्या काठानं चालत, झुडपातून, दरवाज्याच्या खालच्या अंगाला उतरले. तू वर कुणाशी तरी फोनवर बोलत होतास, तुला मी दिसले नाही. तिथे आत जायला बंदी आहे असा फलक आहे, तो मी वाचला आणि गेले. पाणी सोडायला अजून सुरुवात झाली नव्हती. दरवाज्याला हात लावला. पूर्ण हात फिरवला, खालच्या कडेपासून पोचेल तिथपर्यंत.

खणखणीत कोरडा, धाकट्या. थेंब नाही.

तशीच मागे फिरले. तुला हाक मारली असती तर भांडलेच असते.

पाणी आता रोज थोडं थोडं उतरतंय. पहिल्यांदा कुंपणाचे बुडलेले खांब वर आले, मग एक तुटका पाट, कुणाचा तरी जोडा, आणि मग तो. काळा, मऊ, वास मारणारा चिखल. मी आणि मदतीच्या बाई गुडघाभर चिखलात उतरलो. मनगट दुखतं, पण डावा हात चालतो. पिवळी पडलेली रोपं खाली लावली, जिथे चिखल जास्त ओला राहील. वरच्या पट्ट्यात वाळूसकट बी पसरलं. बाईंना सांगितलं, झाकायचं नाही, नुसतं तळव्यानं दाबायचं. त्यांनी अशा हळुवारपणे दाबलं, जणू तान्ह्या बाळाला थोपटतायत, आणि दर वेळी मातीकडे जाणारा हात आवरून घेत होत्या. पंपघराच्या बाजूला तर आम्ही काही पेरलेलंही नाही, तरी तिथे चार-सहा कोंब दिसले. इतकी वर्षं चिखलात पडून राहिलेलं जुनं बी असेल. मला सांगता येत नाही मला काय झालं ते. मी बाईंवर खेकसले की पाय जपून ठेवा.

पण हे तुझ्या जिवावर चाललंय, आणि मला ते सोसवत नाही. धक्क्यावर लोक काय बोलतात ते तुझ्यापर्यंत पोचत असेलच. "बापाचा दरवाजा गळायचा, लेकाचाही गळतो." "शाल परत घ्या म्हणावं." होडीवाल्याची होडी बंद पडली, तरी तो तुझ्याबद्दल चकार शब्द काढत नाही. त्याला कळलं असावं. बाकी सगळे हसतायत. तुझे मोठे साहेब आले होते म्हणे, आणि तू मान खाली घालून उभा होतास म्हणे. हे ऐकल्यावर मला जेवण गेलं नाही.

मी साहेबांना भेटायला जाणार होते. साडी बदलली होती, पर्स घेतली होती. उठून सगळ्यांसमोर सांगायचं की हा दरवाजा एक थेंब गळत नाही, माझ्या भावासारखं सील आख्ख्या खात्यात कुणी बसवलेलं नाही, मी स्वतः हात लावून बघितलंय. सभेत उभं राहून बोलायची मला सवय आहेच. मग दारातून काठ दिसला. मी हे बोलले तर उद्या सकाळी तपासणी संपणार आणि परवा पाणी चढणार. कोंब नखाएवढे आहेत.

पर्स ठेवली. साडी बदलून पुन्हा चिखलात उतरले.

आज दुपारी बोट क्लबचे सेक्रेटरी आले. पांढऱ्या बुटांनी पुढे येता येईना, म्हणून काठावरूनच ओरडले. बरोबर चार माणसं होती, हसायच्या तयारीत. "काय हो ताई, तुम्ही तर त्या सभेतच सांगितलं होतंत, हा दरवाजा वाईट म्हणून! तुमच्या भावाचा दरवाजा गळतो म्हणे?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात बियांची वाळू होती.

"हो," मी म्हटलं, "गळतो."

ते हसत हसत निघून गेले. मी पुढच्या पट्ट्यात बी दाबत राहिले.

तुझी,
ताई